वाण नाही, पण गुण लागला

सीमाभागातल्या घरांत म्हणींना तोटा नाही. एका भाषेत अडलं की दुसरीतून उसनी आणायची, एवढंच. माझं माहेर मराठी आणि सासर कानडी. माहेरी आई म्हणायची, ‘खाण तशी माती.’ लग्न होऊन सासरी आले तर अत्तींच्या तोंडी तेच, ‘नूलिनंते सीरे, तायियंते मगळु.’ म्हणजे जसं सूत तसं लुगडं, जशी आई तशी लेक. दोन्ही घरांत रक्तावर भारी भरवसा!

पण गंमत अशी की, हीच आई आम्ही वाईट संगतीत दिसलो की म्हणायची, ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.’ आणि अत्ती नातवंडांनी हट्ट धरला की म्हणतात, ‘गिडवागि बग्गद्दु मरवागि बग्गीते?’ रोप असताना वाकलं नाही, ते झाड झाल्यावर वाकेल काय? आता पहिल्या दोन म्हणी रक्ताच्या, दुसऱ्या दोन वळणाच्या. चारही आपल्याला पटतात. वेळ पडेल तशी जी सोयीची असेल ती आपण काढतो. दुसऱ्याचं पोर चुकलं की खाण आठवते आणि आपलं चुकलं की संगत आठवते.

ही सोय आपण सर्वांत जास्त कुठं वापरत असू, तर पुढाऱ्यांच्या बाबतीत. पेपरात कुणा पुढाऱ्याचं प्रकरण आलं की स्टाफरूममध्ये, कट्ट्यावर, एस.टी.त एकच वाक्य ऐकू येतं, ‘अहो, रक्तातच आहे त्यांच्या.’ मी वीस वर्षं कॉलेजात इतिहास शिकवते. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की त्याकडं लक्ष देणंच सोडलं होतं. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत देवासला मात्र त्याच्याकडं नीट पाहावं लागलं.

देवासला माझी आत्या असते. साठेक वर्षांपूर्वी लग्न होऊन तिकडं गेली आणि तिकडचीच झाली. आतोबा बँक नोट प्रेसमधून निवृत्त झाले. माळव्यातल्या मराठी घरांची बोली आपल्याला ऐकायला मोठी गोड लागते, निम्मी मराठी, निम्मी हिंदी. (आपल्या मराठीत कानडी किती हे त्यांनी आपल्याला सांगावं!) आतेभाऊ आणि वहिनींना मूल नव्हतं. त्यांनी रीतसर अर्ज करून, वाट पाहून, एक मुलगी दत्तक घेतली. ती आता अकरा वर्षांची आहे. आपण दत्तक आहोत हे तिला लहानपणापासून माहीत आहे. घरात त्याची चोरी नाही.

एका रात्री जेवणं झाल्यावर टीव्हीवर बातम्या चालू होत्या. कुठल्या तरी राज्यातल्या पुढाऱ्याचा मुलगा कसल्याशा व्यवहारात सापडला होता. बाप पूर्वी सापडलेलाच. आतोबा म्हणाले, ‘होणारच. ये सब खून में होता है. संस्कार वगैरे नंतरच्या गोष्टी.’ आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या आणि कुणी तरी चॅनल बदललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी टेकडीवर निघालो. देवासची टेकडी म्हणजे देवीचं ठाणं. वर दोन देव्या, थोरली तुळजाभवानी आणि धाकटी चामुंडा. पायऱ्या चढता चढता पोरगी थांबली आणि म्हणाली, ‘आत्या, आजोबा म्हणाले न, खून में होता है. मग माझ्या खून में काय आहे?’

तिला मी तेव्हा एवढंच म्हटलं की वर जाऊन बसू, मग बोलू. पण पुढच्या शेपन्नास पायऱ्या मी चढत नव्हते, उत्तर शोधत होते. पुढाऱ्यांवर मारलेला दगड कुठं जाऊन लागतो पाहा!

आता इतिहासाच्या बाईला उत्तर शोधायचं तर ती इतिहासातच शोधणार. आणि त्यासाठी धार-देवासएवढं सोयीचं ठिकाण दुसरं नाही. दोन्ही पवारांची संस्थानं. बाजीराव पेशव्यांच्या काळात मराठी फौजा माळव्यात गेल्या, त्यांत हे पवार होते. धारला एक शाखा बसली आणि देवासला तुकोजी आणि जिवाजी हे दोघे भाऊ.

आधी धारची गोष्ट. तिथल्या किल्ल्यात 10 जानेवारी 1775 रोजी एक मूल जन्माला आलं. किल्ल्यातला खरबूजा महाल त्यासाठी आजही दाखवतात. राघोबादादा तेव्हा पळापळीत होते आणि आनंदीबाई धारच्या किल्ल्यात आश्रयाला होत्या. ते मूल म्हणजे दुसरा बाजीराव. मराठी माणसाच्या मनात ‘वाईट राज्यकर्ता’ म्हटलं की जे पहिलं नाव येतं, ते हेच. 1801 साली विठोजी होळकराला पुण्यात हत्तीच्या पायी देणारा, 1802 च्या शेवटच्या दिवशी वसईचा तह करून इंग्रजांच्या ओंजळीनं पाणी पिणारा आणि 1818 साली राज्य घालवून आठ लाखांच्या पेन्शनवर ब्रह्मावर्ताला जाऊन राहणारा. आणि त्याचं कारण? शाळेत मी बाईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, ‘राघोबाचाच मुलगा ना तो!’ खाण तशी माती.

पण ही खाण जरा खणून बघू. राघोबादादा कुणाचे? थोरल्या बाजीरावाचे. ज्या बाजीरावाची आपण आरती ओवाळतो, त्याचंच हे रक्त. राघोबांनी स्वतः 1758 साली पंजाबात मराठी फौजा नेल्या आणि अटकेचं नाव आपल्या भाषेत कायमचं बसवलं. त्यांचा सख्खा पुतण्या माधवराव, सोळाव्या वर्षी गादीवर आला आणि पानिपतानं मोडलेलं राज्य त्यानं उभं केलं. आजोबा तेच, रक्त तेच. एकाच खाणीतून माधवरावही निघाले आणि 1773 साली पुतण्या नारायणरावाच्या खुनात ज्यांचा हात मानला गेला ते राघोबाही निघाले. मग खाणीला दोष द्यायचा कसा?

बरं, राघोबांचे मुलगे तीन. थोरला अमृतराव, तो दत्तक, म्हणजे त्यात राघोबांचं रक्तच नाही. मधला बाजीराव. धाकटा चिमाजी, वडील वारल्यानंतर 1784 साली जन्मलेला. रक्ताचा सिद्धान्त खरा असता तर अमृतराव एका बाजूला आणि बाजीराव-चिमाजी दुसऱ्या बाजूला, असं दिसायला हवं होतं. प्रत्यक्षात काय दिसतं? अमृतरावानंही 1803 साली इंग्रजांकडून भली मोठी नेमणूक घेऊन उत्तरेचा रस्ता धरला. आणि चिमाजीला 1796 साली कारभाऱ्यांनी थोडे दिवस पेशवा करून पाहिलं, मग तो बाजूला पडला. त्याचं नाव इतिहासात ना भल्यात ना बुऱ्यात. तराजूत घालायला काही हातीच लागत नाही.

‘मग संस्कार म्हणा,’ असं कुणी म्हणेल. म्हणू या. बाजीरावाचं बालपण म्हणजे कैद. बाप वारला तेव्हा तो आठ वर्षांचा. नंतरची वर्षं आनंदवल्ली आणि मग शिवनेरीवर पहाऱ्यात. घोडा, तिरंदाजी, शास्त्रपुराणं, सगळं शिकला. बोलण्यात तर असा गोड की समोरचा भुलावा. पण माणसावर विश्वास टाकायला मात्र त्याला कोण शिकवणार? दाराबाहेर पहारेकरी, पत्रं फोडून वाचली जातात, जवळ येणारा प्रत्येक जण हेर असू शकतो. असं मूल एकवीस-बाविसाव्या वर्षी पेशवाईच्या गादीवर बसलं, तर ते सगळ्यांशी गोड बोलेल आणि कुणावरच विश्वास ठेवणार नाही. बाजीरावानं आयुष्यभर नेमकं तेच केलं.

हे पटण्यासारखं आहे, आणि मी वर्गात ते सांगतेही. पण पूर्ण उत्तर हेही नाही. कारण कैदेत वाढलेला प्रत्येक जण बाजीराव होत नाही. आणि चांगल्या वळणात वाढलेला प्रत्येक जण चांगला निघतोच असंही नाही. त्यासाठी धारहून पुन्हा देवासला येऊ.

देवास हे एक अजब संस्थान होतं. तुकोजी आणि जिवाजी या दोन भावांच्या दोन गाद्या, थोरली पाती आणि धाकटी पाती. गाव एकच आणि राजे दोन, वाडे दोन, दरबार दोन. हद्द गावाच्या मधून गेलेली. आपल्याला हे सांगायला नको. घरासमोरच्या रस्त्यावरून हद्द गेली की काय होतं हे सीमाभागातल्या माणसाला कळतंच. पण आपल्या हद्दीवर दोन भाषा आहेत. तिथं दोन्हीकडं एकच भाषा, एकच कुळ, एकच कुळदेवी आणि तरी दोन राज्यं.

थोरल्या पातीचे तिसरे तुकोजीराव 1888 साली जन्मले. तेही चुलत्याच्या गादीवर दत्तक आलेले. शिक्षण इंदूरचं डेली कॉलेज, अजमेरचं मेयो कॉलेज. त्या काळी राजपुत्राला याहून चांगली शाळा नव्हती. माल्कम डार्लिंग नावाचा सज्जन इंग्रज शिक्षक त्यांना मिळाला आणि तो जन्माचा मित्र झाला. त्याच्याच ओळखीनं ई. एम. फॉर्स्टर हा मोठा इंग्रज कादंबरीकार देवासला आला. 1921 साली तर तो काही महिने महाराजांचा चिटणीस होता. 1953 साली त्यानं देवासच्या आठवणींचं पुस्तक छापलं आणि त्याला नाव दिलं याच टेकडीचं, ‘द हिल ऑफ देवी’. त्यात महाराज दिसतात ते प्रेमळ, बुद्धिमान, देवभक्त, थट्टेखोर. वाचताना आपणही त्यांच्या प्रेमात पडतो.

आणि याच माणसाच्या हातात संस्थान कर्जात बुडालं. 1908 साली त्यांचं लग्न कोल्हापूरच्या शाहू महाराजांच्या कन्येशी झालं होतं, ते मोडलं आणि राणीसाहेब माहेरी परतल्या. 1927 च्या अखेरीस एकुलता एक युवराज विक्रमसिंह, वडील आपल्या जिवावर उठले आहेत असा आरोप करून देवास सोडून गेला. 1933 साली महाराजांनी यात्रेच्या निमित्तानं राज्य सोडलं आणि फ्रेंचांच्या पाँडिचेरीत जाऊन राहिले. 1937 साली तिथंच वारले. त्याच गावात, त्याच कुळात, रस्त्यापलीकडच्या धाकट्या पातीच्या राजावर मात्र परमुलखात जाऊन राहायची पाळी आली नाही. आता सांगा, रक्तात काय होतं आणि शाळेत काय कमी पडलं?

पुढची गोष्ट त्याहून बोलकी आहे. बापाशी बिनसलेला तो विक्रमसिंह 1937 साली देवासच्या गादीवर आला आणि 1947 साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेला. आपण ज्यांना शहाजी महाराज म्हणतो ते हेच. आणि त्यांचे आजोबा राजर्षी शाहू, तेही कोल्हापूरला दत्तकच. कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव, आई मुधोळच्या घोरपड्यांची लेक, म्हणजे आजोळ आपल्या कर्नाटकातलं. 1884 साली दत्तक गेले, शिक्षण राजकोटला आणि मग धारवाडला. याच राजानं 26 जुलै 1902 रोजी मागासलेल्या वर्गांना नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवल्या.

आणि कागलच्या घाटग्यांची खाण कोणती? दुसऱ्या बाजीरावाच्या काळात शिंद्यांच्या वतीनं पुण्याच्या सावकारांना ज्यानं चाबकाखाली रडवलं, तो सर्जेराव घाटगे याच कागलकर घाटग्यांच्या कुळातला. एकाच कुळात शंभर वर्षांच्या अंतरानं सर्जेरावही निपजला आणि शाहू महाराजही. कोल्हापूरला जाताना कागल लागलं की मला हे हटकून आठवतं.

कुणी म्हणेल, ‘बाई, राजकारणात तुम्ही रक्त नाकारता, मग गाण्यात कसं मान्य करता?’ प्रश्न रास्त आहे, आणि उत्तर देवासातच आहे. आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीत 1924 साली कोमकळीमठांच्या कानडी घरात शिवपुत्र जन्मला. वडील गाणारे. पोरानं गाणं न शिकताच लहानपणी लोकांना थक्क केलं आणि तो कुमार गंधर्व झाला. हे रक्तातलं नाही तर कुठलं? मान्य. पण पुढं मुंबईला देवधर मास्तरांकडं त्यांनी वर्षानुवर्षं विद्या घेतली. मग क्षयानं गाठलं. 1948 च्या सुरुवातीला हवाबदलासाठी ते देवासला आले आणि बिछान्यावर पडल्या पडल्या माळव्याची लोकगीतं त्यांच्या कानांत शिरली. गाण्याला नवीन वळण मिळालं. 1992 साली वारले तोवर देवासच त्यांचं गाव राहिलं. आता गळा सुळेभावीचा, विद्या मुंबईची आणि सूर माळव्याचा. यातलं काय वजा केलं तर कुमार गंधर्व उरतील?

विज्ञानही साधारण हेच सांगतं. 2015 साली जुळ्या भावंडांवरच्या सुमारे पन्नास वर्षांच्या अभ्यासांची एकत्र बेरीज प्रसिद्ध झाली. जवळजवळ 1 कोटी 45 लाख जोड्या आणि सतरा हजारांवर गुणविशेष. सरासरी निघाली 49 टक्के. म्हणजे माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला साधारण निम्मा अनुवंशाशी जोडता येतो आणि उरलेला परिस्थितीशी. पण ही टक्केवारी समूहाची आहे. अमक्या माणसातला 49 टक्के वाईटपणा बापाचा आणि 51 टक्के शाळेचा, असा तिचा अर्थ होत नाही. बेळगावी बासमतीचं पीक घेणाऱ्याला विचारा. वासाचा तांदूळ हवा तर बी तेच लागतं, पण तेच बी भलत्या जमिनीत टाकलं तर वास हरवतो. मग वास निम्मा बियाण्याचा आणि निम्मा जमिनीचा, असं वजन करून कसं सांगणार?

शिवाय रक्तातून येतं ते काय? स्वभावाचा कल. कुणी तापट, कुणी धीट, कुणी धोका पत्करणारा, कुणी जात्याच गोडबोल्या. धीट माणूस सैन्यातही जातो आणि दरोड्यातही. गोडबोल्या उत्तम शिक्षक होतो आणि उत्तम भामटाही. लाच घ्यायचा, खोटं शपथपत्र करायचा जनुक कुणाला सापडलेला नाही.

आणि ‘रक्तातच आहे’ या वाक्याची एक किंमत असते, ती दुसऱ्याच कुणाला तरी मोजावी लागते. 1871 साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. अमुक जातीत जन्मला म्हणजे तो जन्मानं गुन्हेगार, इतकं सरळ. पोलिसांकडं नाव नोंदवायचं, हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. पुढं मुंबई इलाख्यातही तो लागू झाला. सोलापूर, हुबळी इथं तारांच्या कुंपणात सेटलमेंटी झाल्या. कायदा रद्द झाला 1952 साली. म्हणजे कितीतरी पिढ्यांची मुलं पाळण्यातच चोर ठरली. शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात 1918 सालीच ही हजेरी बंद केली आणि फासेपारध्यांना आपल्या पदरी नोकऱ्या दिल्या. स्वतः दत्तक गेलेला राजा ‘रक्त’ या शब्दाला फसला नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं.

टेकडीवर दर्शन झाल्यावर आम्ही कठड्यापाशी बसलो. खाली दोन पात्यांचं ते एक गाव पसरलं होतं. मी तिला टक्केवारी सांगितली नाही. म्हटलं, ‘या गावचा एक राजा दत्तक होता. त्याचे सासरे कोल्हापूरचे शाहू महाराज, तेही दत्तक. पेशव्यांचा अमृतराव दत्तक आणि सत्तावन्नात लढलेले नानासाहेब पेशवे, तेही दत्तक.’ तिनं बोटं मोजली. ‘सगळे चांगले होते?’ मी म्हटलं, ‘नाही. कुणी राज्य बुडवलं, कुणी लोकांचं भलं केलं, कुणी पेन्शन घेऊन बसला, कुणी लढला.’ ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘म्हणजे दत्तक चांगले पण होतात, वाईट पण. बाकी लोकांसारखेच.’ मी म्हटलं, ‘अगदी बाकी लोकांसारखेच.’ ‘मग ठीक है,’ म्हणाली आणि चण्याफुटाण्याच्या गाडीकडं पळाली. तिला तेवढंच हवं होतं. कौतुक नको होतं, फक्त बाकीच्यांच्या रांगेत जागा हवी होती.

संध्याकाळी तिनंच हे आजोबांना सांगितलं. आतोबा सरळ मनाचा माणूस. नातीच्या मनाला काय लागलं ते त्यांना कळलं, आणि तिला जवळ घेऊन बसले. पण ती झोपल्यावर मला म्हणाले, ‘रक्त नाही म्हणतेस, वळणही पुरतं नाही म्हणतेस. मग पुढारी बिघडतो त्याचा दोष कुणाचा? कुणाचाच नाही?’

आतोबांची शंका खरी होती. रक्त म्हणा की बालपण, दोन्हीत एक पळवाट आहे. दोन्हीत माणूस सुटतो. ‘माझं रक्तच असं’ किंवा ‘माझं बालपणच असं’ म्हटलं की केलेल्या कामाचा जाब देणारा कुणी उरत नाही. बाजीरावाला बालपणाची सहानुभूती द्यावी, पण विठोजीला हत्तीपायी देताना तो बालक नव्हता. पंचवीस-सव्विसाचा होता. त्या वयाच्या माझ्या जुन्या विद्यार्थ्यांच्या सह्या मी बँकेत जामीन म्हणून चालताना पाहते.

माणसाच्या स्वतःच्या जबाबदारीनंतर येतो तो पवळ्याचा शेजार. गादीवर बसलेल्या माणसाच्या शेजारी कोण बांधलं आहे? राघोबांच्या वेळी पुण्यात रामशास्त्री होते. नारायणरावाच्या खुनाला देहान्ताशिवाय प्रायश्चित्त नाही असं तोंडावर सांगून त्यांनी पुणं सोडल्याची हकिकत आपण सगळे ऐकत आलो. दुसऱ्या बाजीरावापाशी असं तोंडावर सांगणारं कुणी टिकलं नाही. तिसऱ्या तुकोजीरावांपाशी प्रेम करणारे पुष्कळ होते. हिशेब मागून अडवणारं कुणी नव्हतं. सत्ता मिळाली की स्वभावातला कल मोकाट सुटतो. त्याला दावं बांधणारं कुणी असलं तर तो कामी येतो, नसलं तर शेत खातो.

आणि आज हे दावं कुणाच्या हातात आहे? ते आकड्यांतच बघू. 2002 साली सुप्रीम कोर्टानं निकाल दिला आणि त्यानंतर उमेदवारांना स्वतःवरचे खटले शपथपत्रात लिहून द्यावे लागू लागले. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स ही संस्था दर निवडणुकीनंतर त्यांची मोजदाद करते. स्वतःवर फौजदारी खटले असल्याचं लिहून देणारे खासदार 2009 साली 162 होते, 2014 साली 185, 2019 साली 233 आणि 2024 साली 251. एकूण 543 पैकी. खटला म्हणजे गुन्हा शाबीत नव्हे, आणि त्यांत आंदोलनांचे खटलेही असतात, हे खरं. तरी पंधरा वर्षांत हा आकडा निम्म्याहून अधिक वाढला.

आता सांगा, पंधरा वर्षांत भारतीय माणसाचं रक्त बदललं काय? एका पिढीचं बालपण तरी बदललं काय? यांतले बरेच जण 2009 सालीही चाळिशी-पन्नाशीचेच होते. रक्तही तेच होतं, वळणही तेच होतं. बदललं ते तिकीट देणाऱ्याचं गणित आणि मत देणाऱ्याची सहनशक्ती. खटल्याचा कागद आपल्या हातात आहे आणि तो वाचून आपण शिक्का मारतो, नाही, बटण दाबतो. मग घरी येऊन म्हणतो, ‘रक्तातच आहे त्यांच्या.’

मी हे आतोबांना माझ्या परीनं सांगितलं. ते म्हणाले, ‘म्हणजे खून आमचा तपासायला पाहिजे म्हणतेस.’ मी म्हटलं, ‘खून नाही आतोबा, सवय.’ ते हसले. निवृत्त माणूस, नोटांच्या छापखान्यात जन्म गेला. म्हणाले, ‘आमच्याकडं आत जाताना-येताना प्रत्येकाची झडती होते. साहेबाची पण. कुणाच्या खानदानीवर कुणी विश्वास टाकत नाही, म्हणून तर इतकी वर्षं काम नीट चाललं.’ मला वाटतं, माझ्या सगळ्या इतिहासापेक्षा हे उत्तर सरस आहे.

तेव्हा मंडळी, घरात मुलांसमोर बातम्या बघताना जरा जपून. आपल्या सीमाभागात तर रक्ताच्या गोष्टी आणखीच जपून कराव्यात. आपल्या कितीतरी घरांत आई एका भाषेची, बाप दुसऱ्या भाषेचा. मूल चुकलं की ‘त्यांच्याकडचं रक्त’ असं एक जण म्हणतं आणि दुसरं मनात खट्टू होतं. पोराला मात्र दोन्हीकडचं ऐकू येतं. त्यापेक्षा आईची ती बैलांची म्हण बरी. वाण कुणाच्या हातात नसतो. शेजारी कुणाला बांधायचं आणि दावं किती लांब ठेवायचं, हे मात्र गोठ्याच्या मालकाच्या हातात असतं. येत्या निवडणुकीत मत मागायला जे दारात येतील, त्यांना ‘तुमचे वडील कोण’ हे विचारायचं कारण नाही. पाच वर्षांत काय केलंत आणि शपथपत्रात काय लिहिलंत, एवढं विचारू. कानडीत विचारा नाही तर मराठीत विचारा, उत्तर द्यावंच लागेल.